‘आमचे घर’ आणि ‘आपले घर’: मुलांच्या कादंबरीत घर कसे उभे राहते

तुमचे चौऱ्याऐंशी पानांचे हस्तलिखित मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांनाही हे उत्तर समजावे म्हणून कथा थोडक्यात सांगते. दहा वर्षांची इरा नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आई आणि आजीबरोबर राहते. तिचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले आहेत. वाडा आता बिल्डरकडे गेला आहे, आजी आपल्या मुलीकडे सांगलीला राहायला जाते आणि आई दुसरे लग्न करून इराला घेऊन वाकडला सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येते. तिथे आईचे नवे यजमान (इराचे ‘काका’), त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा ओंकार आणि त्यांची आई (इराच्या नव्या ‘आजी’) अशी तीन माणसे आधीपासून आहेत. असा विषय नऊ ते बारा वर्षांच्या वाचकाला पेलेल का, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि दोन प्रकाशकांनी ‘सगळे आहे, पण घर जाणवत नाही’ असे म्हणून कादंबरी परत केली त्याचा अर्थ काय, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर लहान आहे. पेलेल. मी बावीस वर्षे मुलांच्या पुस्तकांचे संपादन करते आहे आणि त्यातली बरीच वर्षे एरंडवण्यातल्या एका छोट्या वाचनालयात दर शनिवारी मुलांना मोठ्याने वाचून दाखवते आहे. मृत्यू, आजारपण, आईबाबांचे वेगळे होणे, वडिलांची गेलेली नोकरी अशा कथांनी मुले घाबरल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. मात्र कथेतली मोठी माणसे काहीतरी लपवत आहेत आणि लेखकही त्यांना सामील आहे, अशी शंका आली की मुले चुळबुळ करू लागतात आणि एकेक जण पाणी प्यायला उठतो. तुमच्या हस्तलिखितात वडील ‘देवाघरी गेले’ एवढेच येते. त्यांना काय झाले होते ते एका साध्या वाक्यात सांगून टाका आणि पुढे चला. तेवढे न सांगितल्यामुळे वाचणारे मूल पाऊणशे पाने तेच शोधत राहते.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र सविस्तर लिहावे लागेल. तुमच्या परवानगीने मी तिसरे प्रकरण शनिवारच्या मुलांपुढे वाचले. वाकडच्या घरातली पहिली रात्र त्यात आहे: ‘त्या प्रशस्त घरात इराला फार एकटे वाटत होते. वाड्याच्या आठवणीने तिचे डोळे भरून आले. आईने तिला जवळ घेतले आणि म्हणाली, बाळा, घर भिंतींनी बनत नाही, माणसांनी बनते.’ मी थांबले तेव्हा पाचवीतल्या एका मुलाने विचारले, “पण तिचा टॉवेल कुठे असतो?” मला आधी प्रश्नच कळला नाही. मग बाकीचेही सुरू झाले. ती कुणाच्या खोलीत झोपते? खिडकीकडच्या बाजूला की दाराकडच्या? तिचे दप्तर कुठे? कपाटात तिला कितवा कप्पा मिळाला? ओंकारची खोली आता त्याची एकट्याची राहिली का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चौऱ्याऐंशी पानांत कुठेही नाही.

प्रकाशकांना जे जाणवले नाही ते हेच असावे, असे मला वाटते. मोठ्यांच्या लेखी घर ही भावना असेल. मुलाच्या लेखी ते आधी वाटप असते. माझी जागा, माझे ताट, माझा हूक, टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात, दाराची किल्ली कुणाकडे, रात्री शेवटचा दिवा कोण बंद करते. हे वाटप वर्षानुवर्षे स्थिर असते तोवर मुलाला ते दिसतही नाही. ते मोडले किंवा नव्याने मांडावे लागले की मुलाला घर नावाची गोष्ट पहिल्यांदा दिसते, आणि मुलांच्या वास्तववादी कथेची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते. म्हणून इराला काय वाटले ते सांगण्याऐवजी तिला काय मिळाले, काय मिळाले नाही आणि तिने स्वतःहून काय घेतले नाही, एवढे लिहा. नमुना म्हणून तो प्रसंग मी पुन्हा मांडून पाहिला आहे. तो जसाच्या तसा वापरू नका, नुसता पाहा:

‘बाथरूमच्या दारामागे चार हूक होते. एकावर काकांचा निळा टॉवेल, एकावर आजींचा पंचा, एकावर ओंकारचा टॉवेल. चौथ्यावर आईने आपला टॉवेल अडकवला आणि इराकडे पाहिले. “माझा मी बाल्कनीत वाळत घालते,” इरा म्हणाली. तीन दिवस तिचा टॉवेल बाल्कनीत होता. चौथ्या दिवशी पाऊस आला. ओला टॉवेल घेऊन ती बाथरूममध्ये गेली, तर तिसरा हूक रिकामा होता. ओंकारचा टॉवेल दाराच्या कडीला लटकत होता.’

इथे मी थांबले. ‘ओंकार वाटतो तेवढा वाईट नाही, हे इराच्या लक्षात आले’ असे वाक्य पुढे लिहिण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण तुमच्या हस्तलिखितात प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी तशा अर्थाचे एक वाक्य आहे. ती सगळी वाक्ये मी पेन्सिलीने कंसात टाकली आहेत. कंस वगळून एकदा वाचून पाहा.

आता भाषेकडे येते, कारण या विषयात मराठी आपल्याला एक मोठी सोय देते आणि तुम्ही ती पूर्णपणे वाया घालवली आहे. हिंदीतल्या ‘हम’मध्ये समोरचा धरला आहे की वगळला आहे ते कळत नाही, इंग्रजीतही कळत नाही. मराठीत कळते. गुजराती, तेलुगू, तमिळ या भाषांप्रमाणे आपल्याकडेही ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आणि ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. मराठी मूल हा भेद व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधी बिनचूक पाळते, आणि कुणी चुकीच्या जागी ‘आमचे’ म्हटले तर त्याला ते लागते. कुटुंबात नव्याने आलेल्या मुलाची कथा मराठीत लिहायची असेल, तर तिचा अर्धा भाग या दोन सर्वनामांवर उभा करता येतो.

तुमच्या कादंबरीत वाकडच्या घराला सगळी पात्रे पहिल्या दिवसापासून ‘आपले घर’ म्हणतात. मी मोजले, एकतीस वेळा. नवी आजी म्हणते, काका म्हणतात, आई तर म्हणतेच, आणि सातव्या पानावर इरासुद्धा म्हणते. मग उरलेल्या सत्त्याहत्तर पानांत तिने पोहोचायचे कुठे? त्याऐवजी पहिल्या जेवणाचा प्रसंग असा विचारात घ्या: इरा आमटी चाखून थांबते, आजी म्हणतात, “आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत हो,” आणि इरा ताटाकडे बघत म्हणते, “आमच्याकडे घालतात.” टेबलावर दोन ‘आमच्याकडे’ समोरासमोर आले, आणि मधे बसलेल्या आईला आता दोन्हींपैकी एकही शब्द उच्चारता येत नाही. तिला मीठ वाढू द्या, पाणी ओतू द्या. बोलू मात्र देऊ नका. आजींच्या बोलण्यात दुष्टावा नाही, हेही वाचकाला त्या ‘हो’मधून कळते. सावत्र नात्यांच्या कथेत कुणीतरी दुष्ट लागतेच हा समज जुना आहे. खऱ्या घरांत बहुतेक वेळा सगळे जण आपापल्या परीने नीट वागत असतात, आणि तरीही त्या मुलाला बसायला जागा मिळत नाही.

सर्वनामांइतकीच महत्त्वाची आहे ती हाक. नव्या यजमानांना इरा काय म्हणते? तुम्ही ‘काका’ असे लिहून मोकळ्या झाला आहात, आणि शेवटच्या प्रकरणात ती ‘बाबा’ म्हणते. मधला प्रवास नाहीच. प्रत्यक्षात अशा घरातले मूल कितीतरी दिवस कुठलीच हाक मारत नाही, आणि मराठी त्याला त्यात मदत करते. ‘तू जेवलास का’ आणि ‘तुम्ही जेवलात का’ यांतले एक निवडावेच लागते; पण ‘जेवण झालं का’ या वाक्यात काहीच निवडावे लागत नाही. ‘फोन वाजतोय’, ‘दूध आणायचंय’, ‘बोलावलंय’ अशा, ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ न लागणाऱ्या वाक्यांवर हुशार मूल महिना दोन महिने सहज काढू शकते. इराचे काकांशी होणारे बोलणे पहिल्या पन्नास पानांत या पद्धतीने लिहून पाहा. कुठेही त्याचा खुलासा करू नका. वाचणाऱ्या मुलांपैकी काहींना ते आपोआप कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांनाही काहीतरी अवघडलेले जाणवेल. ओंकारच्या बाबतीतही हेच: ‘ओंकार’, ‘दादा’ आणि ‘ओंकारदादा’ ही तीन वेगवेगळी अंतरे आहेत. आजींना ती ‘अहो आजी’ म्हणते आणि सांगलीच्या आजीला फोनवर ‘ए आजी’. एकाच पानावर हे दोन्ही आले की पुढे काही सांगावे लागत नाही.

गौरी-गणपतीचे प्रकरण तुम्ही ‘सण आनंदात पार पडला’ या वाक्यावर संपवले आहे. मला ते वाचून हळहळ वाटली, कारण तुमच्या हातात सोने होते. दुसऱ्याच पानावर तुम्ही लिहिले आहे की वाड्यात खड्याच्या गौरी बसत. खड्याच्या गौरी म्हणजे पाणवठ्यावरून मुक्याने पाच किंवा सात खडे आणायचे, आणि ते बहुधा घरातल्या मुलीने आणायचे. म्हणजे इराला त्या घरात वर्षातून एकदा असे काम होते, जे तिच्याशिवाय होत नव्हते. वाकडच्या घरात उभ्याच्या गौरी आहेत: मुखवटे, साड्या, दागिने, आरास. सगळे पितळी डब्यातून निघते, आजी आणि आई मिळून साड्या नेसवतात, आणि इराने काय करायचे हे कुणाच्याच लक्षात येत नाही. सुंदर मुखवटे असलेले घर आणि बिनकामाची मुलगी. आवाहन, पूजन आणि विसर्जन असे तीन दिवस तुम्हाला मिळतात. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला काही काम मिळते की नाही, हे तुम्ही ठरवा. मला विचाराल तर मिळू नये. पुढच्या वर्षासाठी काहीतरी शिल्लक असावे.

वाड्याविषयी थोडे कडू बोलते. पुण्यातल्या लेखकांना वाडा म्हटले की गहिवर येतो. दिंडीदरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, सगळ्या भाडेकरूंची एकत्र कोजागरी. हे सगळे खरे आहे, पण सामायिक संडासापुढची रांग, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली लावलेली पातेली आणि मालक-भाडेकरूंची वर्षानुवर्षे चाललेली कोर्टाची प्रकरणे हेही तितकेच खरे आहे. मी स्वतः दहाव्या वर्षापर्यंत अशाच वाड्यात वाढले आणि रात्री चौक ओलांडून मागच्या बाजूला जायची मला इतकी भीती वाटे की संध्याकाळी पाच वाजल्यानंतर मी पाणीच पीत नसे. इराला वाड्यातले काहीतरी आवडत नसले पाहिजे, आणि वाकडच्या घरातले काहीतरी तिला पहिल्या दिवशीच आवडले पाहिजे. स्वतःची, आतून कडी लावता येणारी बाथरूम! ते आवडल्याबद्दल तिला चोरट्यासारखे वाटले, तर कथा आणखी खरी होईल.

सांगलीच्या आजीच्या तोंडी घातलेली पानशेतच्या पुराची तीन पाने सध्याच्या रूपात चालणार नाहीत. तुम्ही तिला सत्तर वर्षांची म्हटले आहे आणि पुराच्या वेळी ती ‘नवी नवरी’ होती असे लिहिले आहे. पूर आला 12 जुलै 1961 रोजी; तेव्हाची नवरी आज ऐंशीच्या पुढे असेल. माझी सूचना अशी की वय तसेच ठेवा आणि तिला पुराच्या वेळी सहा-सात वर्षांची मुलगी करा. पानशेतचे धरण सकाळी फुटले, मागोमाग खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, एवढी माहिती पुरे आहे. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. घरे गेलेल्या कुटुंबांसाठी गोखलेनगरच्या बाजूला निसेन हट, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या चाळी, उभ्या राहिल्या. तिथे राहणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला शाळेत ‘कुठे राहतेस’ असे विचारले की ती कितीतरी दिवस नदीकाठच्या त्या नसलेल्या घराचाच पत्ता सांगत असे, एवढी एक आठवण आजीने इराला फोनवर सांगावी. तीन पानांची सहा ओळींत सोय होईल, आणि इराला आजीकडून उपदेशाऐवजी एक सोबतीण मिळेल.

शाळाप्रवेशाच्या प्रसंगातही एक चूक आहे. नव्या शाळेतल्या बाई इराचे नाव नव्या वडिलांच्या नावासह पुकारतात आणि कुणालाच काही वाटत नाही. आईच्या पुनर्विवाहाने मुलीचे मधले नाव आणि आडनाव आपोआप बदलत नाही. जुन्या शाळेच्या दाखल्यावर जे नाव आहे तेच पुढे येते. महाराष्ट्रात 2024 साली शासनाने मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम सक्तीचा केला, पण तो 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी आहे, त्यामुळे इराला तो लागू नाही. म्हणजे हजेरीपटावर तिच्या नावानंतर रोज तिच्या गेलेल्या वडिलांचे नाव वाचले जाणार, आणि पालकसभेला मात्र दुसरेच गृहस्थ येणार. ही अडचण दुरुस्त करू नका, वापरा. दाखल्याचा कागद काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, एकही घडी न पाडता आणला, असे एखादे वाक्य आले तर त्या माणसाविषयी मी दोन पानांचे वर्णन सोडून द्यायला तयार आहे.

तुम्ही पत्रात ‘श्यामची आई’चा उल्लेख केला आहे आणि आईच्या तोंडची वाक्ये त्या परंपरेतली आहेत असे म्हटले आहे. ते पुस्तक साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला श्याम मोठा झालेला आहे आणि रात्रीच्या वेळी आपल्या सोबत्यांना आठवणी सांगतो आहे. आई गेलेली आहे आणि तिचे प्रत्येक वाक्य त्याने मनात जपून मोठे केलेले आहे. त्यामुळे त्या वाक्यांना तिथे अधिकार आहे. शिवाय कर्ज, जप्ती, हातची जाणारी घरजमीन यांचा भक्कम आधार त्यांच्याखाली आहे. तुमची कथा चालू काळात, दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावरून पाहत चालते. तिची आई नुकतीच लग्न झालेली, बावरलेली, रोज हिंजवडीच्या रहदारीतून दमून घरी येणारी बाई आहे. तिला सुविचार सुचणार नाहीत. जवळचा नमुनाच हवा असेल तर प्रकाश नारायण संतांचा लंपन पाहा. त्याच्या कथांचे ‘वनवास’ हे पुस्तक 1994 मधले आहे आणि आईवडिलांपासून लांब आजी-आजोबांकडे राहणारा तो मुलगा आपले तुटलेपण नाव घेऊन फारसे सांगतच नाही. त्याची शैली उचलू नका, ती उचलता येत नाही; त्याचे न सांगणे मात्र शिकण्यासारखे आहे.

लांबीविषयी इतकेच की या वयासाठी बारा ते पंधरा हजार शब्द ठीक असतात आणि तुमचे एकवीस हजार आहेत. कंसातली वाक्ये, पुराची पाने आणि आईची भाषणे गेली की आकडा जागेवर येईल.

आता शेवट. शेवटच्या प्रकरणात इराच्या वाढदिवसाला सगळे जमतात, काका तिला सायकल देतात, ती त्यांना ‘बाबा’ म्हणते, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. ही नऊ पाने काढून टाका. त्यांची गरज नाही, कारण कथा त्याआधीच, पंचाहत्तराव्या पानावर संपलेली आहे, आणि ती तुम्हीच संपवलेली आहे. तुमच्या लक्षात आलेले दिसत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 पासून एक दिवसाआड पाणी येते आणि वाकडच्या सोसायट्या टँकर मागवतात, हे तुम्ही बरोबर टिपले आहे. त्या पानावर घरात इरा आणि आजी दोघीच आहेत, नळाला पाणी नाही, आजींच्या हाताला साबण लागलेला आहे, आणि इरा इंटरकॉमवर खालच्या वॉचमनला विचारते, “काका, टँकर आला का? आमच्याकडे पाणी नाहीये.”

तुम्ही ते वाक्य सहज लिहून गेलात आणि लगेच टँकरच्या हॉर्नकडे वळलात. तोपर्यंत ‘आमच्याकडे’ म्हणजे नारायण पेठ होती. त्या वाक्यानंतरचे सगळे पुसून टाका, फोन ठेवल्याचा आवाज ठेवा, आणि आजींनी साबणाचे हात तसेच धरून एकदा तिच्याकडे बघावे की नाही, एवढा निर्णय तुमच्यावर सोडते.